बुवांचा तानपुरा

सबनीसांनी तो तानपुरा गाडीतून स्वतः उतरवला, ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. मिरजेच्या आमच्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही. कोपऱ्यापासून दुकानापर्यंत ते गोधडीत गुंडाळलेला तानपुरा दोन्ही हातांवर आडवा घेऊन, वाटेतल्या सायकली चुकवत आले आणि माझ्यासमोरच्या सतरंजीवर ठेवून मगच त्यांनी घाम पुसला.

“दिलावरभाई, हा तुमच्याकडचा आहे का, एवढंच आधी सांगा.”

या गोष्टीला वीस-एकवीस वर्षं झाली. मी तेव्हा बेचाळीसचा होतो आणि साठीच्या माणसासारखा दमलेला होतो. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली होती. धाकटा भाऊ हे काम सोडून सांगलीला मोबाइलच्या दुकानात लागला होता. गवयांकडे बटण दाबलं की तानपुऱ्यासारख्या वाजणाऱ्या विजेच्या पेट्या आल्या होत्या. नवा तानपुरा करून मागणारं माणूस महिन्या-दोन महिन्यांतून एखादं यायचं. बाकी दिवसभर जुन्या सतारींच्या खुंट्या बसवायच्या, तारा बदलायच्या. संध्याकाळी दुकान बंद करताना कुणाशी बोलावंसंही वाटायचं नाही.

विक्रांत सबनीस पुण्याचे. बांधकामाच्या धंद्यात त्यांनी चांगलं कमावलं होतं आणि वाईच्या अलीकडे त्यांच्या शेतघराच्या आवारात जुन्या वाद्यांचं संग्रहालय काढायचं मनावर घेतलं होतं. याआधी दोनदा ते येऊन गेले होते. चाळीसेक वाद्यं जमली आहेत, ती सगळी तुमच्याकडेच नीट करायला देणार, असं म्हणाले होते. त्यांतलं एकही अजून आलं नव्हतं.

मी गोधडी सोडली. ओळखायला वेळ लागला नाही. भोपळ्याच्या गळ्याशी अब्बांची वेलबुट्टी होती. चारांतली एक खुंटी बाकीच्यांपेक्षा गडद होती. मागे तो दुरुस्तीला आला तेव्हा ती मीच, काम शिकत असताना, अब्बांच्या शिव्या खात बदलून बसवली होती.

“आमचाच,” मी म्हणालो. “अब्बांच्या हातचा. छप्पन सालच्या आसपासचा असेल.”

सबनीसांनी पाकिटातून तीन फोटो काढून पुढे ठेवले. तिन्ही त्र्यंबकबुवा हेर्लेकरांच्या मैफलींचे. बुवा म्हणजे आमच्या भागातलं मोठं नाव, जाऊन तेव्हा चौदा-पंधरा वर्षं झाली होती. सहा फुटी माणूस. हाताचा पंजा एवढा, की चहाचा कप त्यात दिसायचा नाही. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले, एक हात वर, आणि खांद्यामागे हाच तानपुरा. तो धरून बसलेल्या बाईचा एका फोटोत कोपर आला होता, दुसऱ्यात अर्धा चेहरा. तिसऱ्यात काहीच नाही.

सबनीसांना माझ्याकडून एक पत्र हवं होतं. हा तानपुरा आमच्याकडे बनला, तो बुवांचा होता आणि त्यांनी वापरला, असं कारागिराच्या घराण्यातल्या माणसानं सही करून द्यायचं.

मी ते ऐकत वाद्य बघत होतो. भोपळ्याला केसाएवढी चीर होती, सुराला घुमारा देणारी तारांखालची जवारी झिजून पार बसली होती. मी म्हणालो, चीर भरून घेतो, नवी जवारी लावतो, वरून लाखेचा एक हात दिला की झालं. त्यांनी घाईनं माझं मनगट धरलं.

“काहीही करायचं नाही. रंग उडालाय तिथे उडालेलाच राहू दे.”

“पण असा तो बोलणार नाही.”

“त्यानं बोलायची गरज नाही. तो काचेत राहणार आहे.”

मग ते मला समजावू लागले. माणूस समजूतदार होता, उद्धट नव्हता. म्हणाले, जुनं म्हणजे मोलाचं असं लोकांना वाटतं. त्यांच्या शेतावर जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी आहे, दीडशे वर्षांची. तिला कोण विचारतं? वस्तू मुळात होती तशी राहिलेली पाहिजे, तिच्यावर वापराच्या खुणा पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे त्या खुणा कुणाच्या ते सांगता आलं पाहिजे. सांगणारा कागद नसेल तर हा नुसता जुना तानपुरा. असे तुमच्या माळ्यावर दहा असतील.

दहा नव्हते, सहा होते. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

“कुठून मिळाला?” मी विचारलं.

ते म्हणाले, कुरुंदवाडच्या कुमुदिनी शेडबाळे म्हणून एक बाई, बुवांच्या शिष्या. बुवांच्या मागे तानपुऱ्यावर त्याच बसायच्या. बुवांनंतर तो त्यांच्याकडेच राहिला. आता त्या हुबळीला भाचीकडे कायमच्या निघाल्या आहेत, म्हणून द्यायला तयार झाल्या. त्यांनी लिहूनही दिलं आहे. तुमचं पत्र झालं की काम पुरं, मग सगळी वाद्यं एकदमच पाठवतो. आठ दिवसांत येतो म्हणून तानपुरा माझ्याकडे ठेवून ते गेले.

ते गेल्यावर मी तो मांडीवर उभा घेतला. दांडीच्या कडेला, तारा छेडताना अंगठा टेकतो तिथे, रंग जाऊन आतलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. ती जागा फार खाली होती. माझा अंगठा तिच्या चार बोटं वर टेकत होता, आणि मी काही उंच माणूस नाही. मग दांडीच्या मागून हात फिरवला. एवढ्या मोठ्या भोपळ्याच्या तानपुऱ्याला दांडी रुंद असते. ही मागून तासून बारीक केलेली होती. अब्बांनी मुद्दाम केल्याशिवाय ती तशी होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कुरुंदवाडला गेलो.

घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माडीवरच्या दोन खोल्यांत कुमुदताई राहत होत्या. वय पासष्टच्या पुढे, अंगानं लहानखुऱ्या. खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. मी शिकाऊ असताना त्या दुकानात यायच्या, म्हणून मला त्यांनी लगेच ओळखलं.

“नबीसाहेबांचा दिलावर ना? दाढी पांढरी झाली की रे तुझी.”

संधिवातानं त्यांच्या दोन्ही हातांची बोटं आत वळली होती. त्यांनी चहा केला, पण कप तळव्यांच्या बेचक्यात धरून आणला. मी उठून घ्यायला गेलो तर म्हणाल्या, बस, एवढं जमतं मला.

मी फार वळसे घेतले नाहीत.

“ताई, तो तानपुरा बुवांचा नव्हता ना?”

“कशावरून म्हणतोस?”

“दांडी मागून तासलेली आहे. बुवांच्या हातासाठी अब्बा तशी कशाला करतील?”

“त्यांनी दोऱ्यानं माप घेतलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या पंजाचं.”

मग त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज एकसारखा होता, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत. त्यांचे वडील तंबाखूचे व्यापारी. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण मुलगी गाते याचं कौतुक फार. एकोणिसाव्या वर्षी ते तिला बुवांकडे घेऊन गेले. बुवांनी आवाज ऐकला, मुलीत गाणं आहे म्हणाले, तिला स्वतःचा चांगला तानपुरा करून द्या म्हणाले, आणि स्वतः बरोबर येऊन आमच्या दुकानात बसले. अब्बांनी विचारलं, मुलीसाठी आहे तर काळी चारचा करू ना? बायकांचा आवाज उंच, तानपुराही त्या पट्टीचा, लहान लागतो. बुवा म्हणाले, काळी एकचा करा. काळी एक ही बुवांची स्वतःची पट्टी. मुलगी आधी माझ्यामागे बसेल, ऐकेल, तेच तिचं शिक्षण. पुढचं पुढे बघू.

“माझ्या वडिलांना वाटलं, मोठा माणूस सांगतोय तर बरोबरच असेल. तुझे अब्बा काही बोलले नाहीत. फक्त दांडी बारीक करून दिली.”

“आणि पुढचं?”

“पुढचं काय. एकतीस वर्षं बसले मागे.”

“तुम्ही कधी गायलाच नाहीत?”

“घरी गायचे की. सकाळी. पेटीवर.” मग त्या म्हणाल्या, “वाईट माणूस नव्हते रे. मनापासून शिकवलं मला. दर दिवाळीला म्हणायचे, कुमुद, पुढच्या वर्षी तुझी बैठक करू. खरंच करायची होती त्यांना. विसरायचे.”

मी म्हणालो, मी पत्रात खरं ते लिहितो. तुमच्यासाठी बनला, तुमच्या वडिलांनी करून घेतला, तुम्ही वाजवला.

“मग ते नेणार नाहीत.”

“न नेऊ देत.”

“मग मी तो कुठे ठेवू? भाचीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ती चांगली आहे, नाही म्हणणार नाही. कॉटखाली सारेल. मी गेल्यावर तिथून तो कुठे जाईल ते तिलासुद्धा माहीत नाही.” त्यांनी वळलेली बोटं पदराखाली घेतली. “माझा म्हणून तो अडगळ आहे, दिलावर. त्यांचा म्हणून निदान रोज कुणी फडक्यानं पुसेल तरी. तू त्यांचं नाव लिही. मी लिहून दिलंय, तूही दे.”

खरं सांगायचं तर मला तेव्हा हायसं वाटलं. मी तिथे भांडायला गेलो होतो असं मला वाटत होतं, पण येताना एसटीत माझ्या डोक्यात ती चाळीस वाद्यंही होती. दोन वर्षांचं काम होतं ते. आता ताईच म्हणतात तर माझ्या हातात काय आहे, असं मी मनाशी म्हणालो.

मी निघालो तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या.

“एक काम करशील? तो माझ्या पट्टीत लागेल का? एकदाच.”

लागण्यासारखा तो नव्हता. पण तारा बदलून, बारीक तारा घालून जमवता आला असता. मी हो म्हणालो.

सबनीसांनी हात लावू नका म्हटलं होतं तरी मी दोन दिवस त्यावरच बसलो. चिरेला आतून पट्टी लावली, बाहेरून दिसू नये अशी. जवारी घासून उघडली. बारीक तारा ताणताना दांडी काय म्हणते याची धास्ती होती, पण अब्बांचं लाकूड होतं, तिनं सोसलं. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या रिक्षावाल्याला घेऊन मी कुरुंदवाडला गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. खोल्या आणखी रिकाम्या झाल्या होत्या, एक सतरंजी तेवढी राहिली होती.

ताईंच्या बोटांनी तार छेडता येत नव्हती, म्हणून मीच घेऊन बसलो. त्या सवयीनं माझ्या शेजारी, जरा मागे बसल्या. मग स्वतःच उठून समोर जाऊन बसल्या, भिंतीला टेकून.

मी काळी चारमध्ये मिळवला आणि छेडू लागलो. एवढ्या मोठ्या भोपळ्यातून तो उंच सूर निघायचा नाही असं मला वाटलं होतं. निघाला. थोडा पातळ होता, पण स्वच्छ होता, आणि रिकाम्या खोलीत भरून राहिला. ताई डोळे उघडे ठेवून तानपुऱ्याकडे बघत होत्या. मला वाटत होतं, त्या आता गातील. मी मनातून वाट बघत होतो. एकदा त्यांनी ओठ उघडले, गळा साफ केला, आणि पुन्हा मिटले. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

“पुढून असा लागतो होय,” त्या म्हणाल्या. “कान याला चिकटवून जन्म गेला, समोर बसून कधी ऐकलाच नव्हता.”

मी छेडत राहिलो.

“पंचम किंचित उतरलाय तुझा.”

खरंच उतरला होता. मी तारेतला मणका सरकवून तो चढवला. त्यांनी आणखी थोडा वेळ ऐकला आणि मग हातानंच बास म्हटलं.

दुकानात येऊन मी पुन्हा जुन्या जाडीच्या तारा चढवल्या. सबनीस ठरल्या दिवशी आले. मी पत्र तयार ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं, हा तानपुरा आमच्या वडिलांनी बनवला, आणि तो एकतीस वर्षं त्र्यंबकबुवा हेर्लेकरांच्या मैफलींत वाजला. यात एक शब्दही खोटा नव्हता. ते वाक्य जुळवायला मला अख्खी संध्याकाळ लागली होती.

सबनीसांनी ते दोनदा वाचलं. “वाजला म्हणजे? कुणी वाजवला?”

मी समोरची तारांची गुंडाळी आवरायला घेतली.

“दिलावरभाई, माझ्या वकिलाला असलं मोघम चालत नाही. ‘बुवांनी वाजवला’ असं करा. एका अक्षराचा तर फरक आहे.”

ते माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, त्यांना सगळं माहीत नसलं तरी काहीतरी आहे हे कळलं होतं, आणि त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी दुसरा कागद घेतला आणि त्यांनी सांगितलं तसं लिहून सही केली. त्या महिन्याच्या शेवटी वाद्यांचा टेम्पो आला.

संग्रहालयाचं उद्घाटन पुढच्या जानेवारीत झालं. मला बोलावणं होतं, कुमुदताईंनाही होतं. त्या भाचीबरोबर हुबळीहून आल्या होत्या. नवी इरकल साडी नेसल्या होत्या आणि पहिल्या रांगेत अवघडून बसल्या होत्या. पाहुण्यांचं भाषण लांबलं. बुवांची तपश्चर्या, बुवांचा सूर, आणि या तानपुऱ्यावरून फिरलेली बुवांची बोटं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंना शिष्या म्हणून शाल-श्रीफळ दिलं. मग सगळे काचेपाशी गेले. आतून दिवा लावलेला होता आणि त्या उजेडात तानपुरा फार देखणा दिसत होता, हे मला कबूल करावं लागेल. ताई काचेसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. कुणीतरी मागून घाई केली तशा बाजूला झाल्या.

सबनीसांच्या गाडीनं आम्हाला वाईच्या स्टँडवर सोडलं. भाची तिकिटाचं बघायला गेली. आम्ही दोघं सिमेंटच्या बाकावर बसलो होतो, ताईंच्या मांडीवर ती शाल आणि नारळ.

“मला वाटलं होतं बरं वाटेल,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

“नाही वाटलं रे.”

“ताई, मी उद्या जाऊन सांगतो. पत्र बदलून देतो.”

“आता कशाला? राहू दे. मीच म्हटलं होतं तुला.” त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. एवढं ओझं त्यांना पेलत नव्हतं. “आपण दोघंही दमलो होतो, दुसरं काय.”

हुबळीची गाडी लागली आणि त्या गेल्या. दीडेक वर्षानं भाचीचं पत्र आलं. मावशी झोपेतच गेली, तुमचा पत्ता तिच्या पिशवीत मिळाला, म्हणून कळवते आहे.

सबनीसांच्या त्या संग्रहालयात मी नंतर पाच-सहा वेळा गेलो. वाद्यं ठेवायची म्हणजे अधूनमधून बघावी लागतात. दर वेळी वाटेत ठरवायचो, आज बोलायचं. दर वेळी सबनीस जेवायला बसवायचे, आणखी एखादं काम दाखवायचे, आणि मी परत यायचो. माझं दुकान त्या कामांवरच चाललं. मग सबनीसही थकले, मुलगा परदेशी गेला, संग्रहालयाकडे लक्ष देणारं कुणी उरलं नाही.

गेल्या वर्षी सबनीसांच्या मुलाचा तिकडून फोन आला, एका सारंगीला कीड लागलीय, बघून जा. मी आता साठीचा आहे, आणि या वेळी खरोखरच. गेलो. आत कुणीच नव्हतं. मांढरे म्हणून राखणदार आहे, पन्नाशीचा, पूर्वी साखर कारखान्यात होता. तो माझ्यासाठी दिवे लावत पुढे चालला. तानपुऱ्याच्या काचेतला दिवा गेलेला होता. काचेवर धूळ होती, मांढरेनं बाहीनंच ती पुसली.

“हा त्र्यंबकबुवांचा,” तो मला म्हणाला. सगळ्यांना म्हणत असेल तसं.

“नाही,” मी म्हणालो. “हा कुमुदिनी शेडबाळ्यांचा.”

मला वाटलं होतं तो चकित होईल. तो झाला नाही. त्यानं नुसतं विचारलं, “त्या कोण?”

मी उत्तर द्यायला गेलो आणि अडलो. गायिका म्हणावं, तर त्यांचं गाणं कुणी ऐकलेलं नाही. मीही नाही. शिष्या म्हणावं, तर पुन्हा बुवांपाशीच जाऊन पोचतो. अखेर मी सुरुवातीपासून सांगायला लागलो. कुरुंदवाडचे तंबाखूवाले शेडबाळे, त्यांची मुलगी. मांढरे किल्ल्यांचा जुडगा हातात धरून ऐकत होता. मध्येच त्यानं काचेखालच्या पाटीकडे बघितलं.

“मग त्यांचं नाव इथं का नाही?”

“मी लिहिलं नाही म्हणून,” मी म्हणालो.

हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. मांढरेनं किल्ल्या खिशात टाकल्या, दारापाशी ठेवलेली स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि काचेसमोर मांडली.

“बसा,” तो म्हणाला. “बसून सांगा.”